राणीचे सदरे

चौथं प्रकरण काढून टाका, असं माझ्या गाईडनी मला किती वेळा सांगितलं याची मोजदाद मी सोडून दिली होती. सर लखनौचे, जुन्या वळणाचे. त्यांचा नकारही आशीर्वादासारखा यायचा. चहा मागवायचे, बिस्किटांची बशी पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "बेटा, आपका काम बहुत उम्दा है। बस, ये कमीज़ें हटा दीजिए।" मी बिस्कीट घ्यायचे, मान डोलवायचे आणि घरी येऊन चौथ्या प्रकरणात आणखी दोन पानं घालायचे.

कमीज़ें म्हणजे सदरे. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या एका राणीनं आपल्या नवऱ्यासाठी शिवलेले सदरे. माझा प्रबंध तिच्यावर होता. तिचं लग्न, तिचा कारभार, तिचं राजकारण. युरोपातला प्रबोधनकाळ म्हटला की लोकांना चित्रं आणि घुमट आठवतात. मला ही बाई आठवते, मांडीवर पांढरं कापड घेऊन बसलेली. नवरा दुसरीच्या नादी लागलाय, आपलं लग्न मुळात लग्नच नव्हतं असं जगाला पटवून द्यायच्या खटपटीत आहे, आणि तरी त्याच्या सदऱ्यांचं कापड हिच्याकडेच येतंय आणि ही शिवतेय. सरांच्या मते ही एका टाकलेल्या बाईची करुण कहाणी होती आणि करुण कहाणीला इतिहासाच्या प्रबंधात जागा नसते. माझं म्हणणं, ते राजकारण होतं, कसं ते मात्र मलाच नीट मांडता येत नव्हतं. भांडण एवढंच. पण माझी पदवी त्या भांडणात अडकून बसली होती.

लग्न होऊन मी लखनौला आले ती २००१ मध्ये, कोल्हापूरहून. नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, आंब्याच्या मोहोरावर पडणाऱ्या तुडतुड्यांचा अभ्यासक. माणूस सज्जन. तुडतुड्याच्या पायावरचे केस मोजील, पण बायकोनं नवीन साडी नेसलीय हे त्याला शेजाऱ्यांनी सांगावं लागतं. इंदिरा नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं घर, वर गच्ची. एका मुलींच्या कॉलेजात मी इतिहास शिकवत होते, दरवर्षी नव्यानं नेमणूक घेऊन. पीएच.डी. झाल्याशिवाय कायम करणार नाहीत हे उघड होतं. मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा, २००७ मध्ये, मी नाव नोंदवलं. त्याच वर्षी सासरे गेले आणि सासूबाई कऱ्हाडजवळच्या गावातून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या.

मला धास्ती वाटली होती, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता पाहुणे, उपासतापास आणि 'आमच्याकडे असं नसतं'. प्रबंध गेला बोंबलत. पण सासूबाईंना घरकामात लुडबुड करायची हौस नव्हती. त्यांना कंटाळा यायचा. हिंदी येत नव्हतं, मालिका कळत नव्हत्या, ओळखीचं कोणी नव्हतं. भाजीवाल्याशी त्या बोटांनी बोलायच्या. पहिल्याच थंडीत एका दुपारी गच्चीवर मी पुस्तकात डोकं घालून बसले होते आणि त्या मटार सोलत होत्या. लखनौत थंडीत मटार किलोकिलोनं येतो आणि दुपारभर उन्हात बसून सोलावा लागतो. त्या म्हणाल्या, "एवढं काय वाचतेस गं? मोठ्यानं वाच की. मलाही ऐकू दे."

"इंग्रजी आहे, आई."

"मग मराठीत सांग. शिकलेली आहेस ना?"

झालं. तेव्हापासून पाच हिवाळे मी माझा प्रबंध मटारच्या ढिगाशेजारी बसून मराठीत सांगितला. त्यातून मला एक गोष्ट समजली. जे मला सासूबाईंना सांगता येत नव्हतं, ते मला कळलेलंच नव्हतं. मोठमोठे इंग्रजी शब्द त्यांच्यापुढे टिकायचे नाहीत. 'म्हणजे काय?' एवढं विचारून त्या माझं अख्खं पान आडवं करायच्या.

"पंधराव्या वर्षी तिला स्पेनमधून इंग्लंडात दिली," मी सुरुवात केली.

"एवढ्या लांब? भाषा येत होती का तिला?"

"नाही."

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि राणी तिथेच आमच्या घरची झाली.

थोरल्या राजपुत्राशी लग्न झालं, सहा महिन्यांच्या आत तो गेला. मग सात वर्षं ही परक्या मुलखात विधवा म्हणून पडून राहिली. बाप तिकडे, सासरा इकडे, आणि हुंड्यावरून दोघा व्याह्यांची चाललेली ओढाताण. सासूबाईंनी दोघांनाही एकेक शिवी दिली. शेवटी तिचं लग्न धाकट्याशी झालं, जो तोवर राजा झाला होता.

"सख्ख्या दिराशी?" त्यांचा हात शेंगेवर थांबला. "बरा होता का?"

"तेव्हा होता."

"तेव्हा सगळेच असतात," त्या म्हणाल्या.

राजा फ्रान्सवर स्वारीला गेला तेव्हा त्यानं राज्य हिच्या हाती दिलं. तेवढ्यात उत्तरेकडून स्कॉटलंडचा राजा चालून आला. हिनं फौज उभी केली, स्वतः उत्तरेची वाट धरली. लढाई जिंकली, तो राजा पडला, आणि त्याचा रक्तानं माखलेला अंगरखा हिनं फ्रान्सला आपल्या नवऱ्याकडे पाठवून दिला. हे ऐकून सासूबाई इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारणीला जिन्यात गाठून आपल्या नव्या हिंदीत सगळी लढाई सांगितली. आमची लेक तोवर मोठी झाली होती. मराठी तिला पूर्ण कळायचं, पण उत्तर हिंदीत. तीही दप्तर टाकून येऊन बसायची. "आजी, फिर क्या हुआ?" प्रश्न मला नाही, आजीला. जणू प्रबंध आजीचाच होता.

मुलं होत होती, जगत नव्हती. एकच मुलगी वाचली. राजाला मुलगा हवा होता आणि दुसरी बायकोही. मग हे लग्न खरं की खोटं ते ठरवायला न्यायालय भरलं, राजा आणि राणी दोघांनाही हजर व्हायला लावणारं. ही भर दरबारात उठली, राजाच्या पायाशी गुडघे टेकून बसली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपलं म्हणणं मांडलं आणि उठून सरळ बाहेर चालू लागली. मागून तिच्या नावाचा पुकारा झाला, पुन्हा झाला. ती वळली नाही. सासूबाईंनी इतक्या जोरात टाळी वाजवली की मांडीवरचं ताट पालथं झालं. तासाभराचे मटार गच्चीभर. आम्ही तिघी रांगत गोळा करत होतो आणि हसत होतो.

सदऱ्यांचं प्रकरण मी त्यांना वाचून दाखवलं ते २०११ च्या जानेवारीत. मुलगी शाळेत, नवरा संस्थेत. त्या न्यायालयानंतरच्या वर्षीची गोष्ट. एका परदेशी राजदूतानं आपल्या बादशहाला कळवलंय की राजा अजूनही सदऱ्यांचं कापड राणीकडे पाठवतो आणि हे कळल्यावर ती दुसरी संतापानं लाल झाली. एवढाच पुरावा. त्यावर मी लिहिलं होतं की राणीचं नवऱ्यावर अखेरपर्यंत प्रेम होतं. मला वाटलं, सासूबाई म्हणतील, बिचारी. त्या सोलत राहिल्या. दाणे पातेल्यात, सालं टोपलीत. मग म्हणाल्या, "तू चुकीचं लिहिलंयस."

"काय चुकलं?"

"प्रेम असेलही. पण नुसत्या प्रेमापायी कोणी डोळे फोडून काजं करत बसत नाही. बिचारी कसली ती?" त्यांनी पातेलं बाजूला सारलं. "तुझे सासरे सहा वर्षं दुसऱ्या बाईकडे राहत होते."

मी हातातली पानं खाली ठेवली.

त्यांनी सांगितलं ते असं. सासरे तालुक्याच्या शाळेत शिक्षक. तिथेच त्यांनी दुसरा संसार मांडला. घरी येणं बंद. पण दर दोन-तीन महिन्यांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर सदऱ्यांचं कापड यायचं. सासूबाई हातमशीनवर सदरे शिवायच्या, काजं हातानं करायच्या, इस्त्री करून त्याच कंडक्टरबरोबर परत पाठवायच्या. त्यांच्या कॉलरला दुहेरी टीप असायची. ती अख्ख्या भावकीत दुसऱ्या कोणाला जमत नव्हती.

"ते का पाठवत होते ते त्यांचं त्यांना माहीत. शिंप्याचं अंगाला बसत नसेल. मी का शिवत होते ते मला माहीत," त्या म्हणाल्या. "आठवड्याच्या बाजाराला सगळं गाव तालुक्याला जायचं. गुरुजी दिसायचे. गुरुजींच्या अंगात माझा सदरा. सहा वर्षांत मला कोणाला सोडलेली म्हणता आलं नाही. एकालाही नाही. हळदीकुंकवाला मी मानानं जात होते."

"आणि ती? ती दुसरी?"

"तिला काय वाटत होतं ते तुझ्या त्या राजदूतानं लिहिलंय की."

"मग परत कसे आले?"

"आले एक दिवस. अंगात माझाच सदरा होता."

मला रडू आलं. संतापही आला, भिंतीवर हार घालून टांगलेल्या सासऱ्यांच्या फोटोचा. सासूबाईंना दोन्ही नको होतं. "तो तीन वर्षांचा होता तेव्हा ते गेले, नऊचा झाला तेव्हा आले," त्या माझ्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या. "त्याला काही ठाऊक नाही. तुझ्या तोंडून कळायला नको." मी शब्द दिला. मग खाली आले आणि पुढच्या तीन आठवड्यांत अख्खं चौथं प्रकरण नव्यानं लिहिलं. प्रेम काढलं, हक्क घातला. कापड जिच्याकडे येतं ती राणी, आणि हे त्या तिघांनाही कळत होतं, असं मांडलं. मला माझं म्हणणं पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होतं. फक्त ते मला कुठून सुचलं याची तळटीप देता येत नव्हती.

सरांनी नवं प्रकरण वाचलं, चष्मा पुसला, बिस्किटं पुढे केली. "बेटा, पहले ये रो रही थीं, अब ये लड़ रही हैं। मगर कमीज़ तो कमीज़ ही है।" तरी त्यांनी सही केली. तेवढा मोठा माणूस होता तो. प्रबंध विद्यापीठात गेला आणि वर्षभरानं परीक्षकांचे अहवाल आले. एक उत्तम. दुसरा बाहेरगावच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकबाईंचा. बाकी प्रबंध चांगला, पण चौथ्या प्रकरणात लाचारीला सत्तेचं सोंग चढवलंय. उमेदवाराला तोंडी परीक्षेत त्याचं समर्थन करता आलं तरच पदवी द्यावी, नाहीतर प्रकरण वगळून प्रबंध पुन्हा सादर करावा. पुन्हा म्हणजे आणखी दोन वर्षं, आणि सर येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. सगळ्यांनी समजावलं, आताच वगळून टाक. मी म्हणाले, नाही. मी चाळिशीला आले होते आणि एवढा हट्ट करायचा मला हक्क होता.

परीक्षा २०१३ च्या फेब्रुवारीत ठरली. अशा परीक्षेला कोणीही येऊन बसू शकतं. आमच्या विभागाची पद्धत अशी की परीक्षकांची सरबराई उमेदवारानं करायची. आणायला, पोचवायला, खायलाप्यायला. नवऱ्यानं जबाबदारी घेतली आणि सकाळी बाईंना विमानतळावरून आणलं. सरोजिनी नगरच्या गर्दीत गाडी तासभर अडकली आणि त्या तासात त्यानं त्यांना तुडतुड्यांचं संपूर्ण जीवनचक्र सांगितलं. गाडीतून उतरल्या तेव्हा बाईंचा चेहरा बघून मी आधी चहा मागवला.

सासूबाईंनाही यायचं होतं. त्यांनी माझ्याकडून सगळं नीट विचारून घेतलं. खुर्च्यांवर कोण बसणार, उभं कोण राहणार, प्रश्न कोण विचारणार, खायला काय. मग पहाटे उठून त्यांनी भला मोठा डबा भरून कांदेपोहे केले. मी म्हटलं, समोसे आणि बर्फी सांगितलीय, आई. त्या म्हणाल्या, "असू दे. अशा वेळी पोहेच लागतात." माझ्या साडीच्या निऱ्या त्यांनी स्वतः बसवल्या आणि बजावलं, "नजर खाली घालू नकोस. पण फार वर करूनही बोलू नकोस." तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

विभागातली लांबट खोली. टेबलामागे बाई, सर, विभागप्रमुख आणि आणखी दोघं प्राध्यापक. समोर बश्या. दहा-पंधरा विद्यार्थी. शेवटच्या रांगेत माझा नवरा, सासूबाई, आणि मध्ये आमची लेक, आजीला इंग्रजीतलं हिंदीत सांगायला. मी उभी. पहिला अर्धा तास सगळं सुरळीत. मग बाईंनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि प्रबंधातलं पान उघडलं. प्रश्न इंग्रजीत होते. मी इथे मराठीत सांगते.

"नवऱ्यानं टाकलेली बाई नवऱ्याचे कपडे शिवते. आपल्या देशात अशा लाखो आहेत. तुम्ही याला सत्ता म्हणता?"

"ते नुसतं हुकूम पाळणं असतं तर ती दुसरी एवढी का संतापली असती?" मी म्हणाले. "मोलकरणीवर कोणी जळत नाही."

बाईंनी मान हलवली. "हा दुसरीचा मत्सर झाला. राणीच्या मनात काय होतं? हक्क की लाचारी? कागद दाखवा."

कागद नव्हता. तो जगात कुठेही नाही. मला एकच साक्षीदार माहीत होती, ती शेवटच्या रांगेत बसली होती आणि तिला मी शब्द दिला होता. सर समोशाकडे बघायला लागले. मागून लेकीची कुजबूज ऐकू येत होती, ती आजीला प्रश्न समजावत होती. पाच वर्षं गेली आपली, असं मला स्वच्छ वाटलं.

"एक मिनिट थांबो."

सासूबाई उभ्या होत्या.

त्या क्षणी मला पोह्यांचा उलगडा झाला. खुर्च्यांवर पाच अनोळखी माणसं, पुढ्यात बश्या, समोर कडक इस्त्रीच्या साडीत उभी केलेली एक बाई, आणि तिच्यावर एकामागून एक प्रश्न. त्यांनी आयुष्यात असा एकच कार्यक्रम पाहिला होता, मुलगी बघण्याचा. आणि मुलगी अडली की तिच्या बाजूचं मोठं माणूस मधे बोलतं, ही आमच्याकडची रीत.

विभागप्रमुख गडबडले. "माताजी, आप तशरीफ़ रखिए।"

"रखती है। पहले बोलने दो।"

"आप हैं कौन?" बाईंनी विचारलं.

सासूबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. "हम लड़की वाले।"

कोणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत. त्यांचं हिंदी पाच वर्षांत भाजीबाजारात आणि जिन्यात तयार झालेलं होतं, आणि ते त्यांना त्या दिवशी पुरलं. "मेरा आदमी छे साल दूसरी के पास था। कपड़ा मेरे पास भेजता था। मैं सदरा सिलती थी। डर के नहीं। रो के भी नहीं। वो मेरा सदरा पहन के बाज़ार में घूमता था, सब लोग देखते थे। मेरेको कोई छोड़ी हुई नहीं बोल सका। वो रानी को भी ये मालूम था। बाई को ये मालूम रहता है, उसका कागज नहीं बनता।" एवढं बोलून त्या बसल्या.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. लेकीनं आजीचा हात धरला होता.

बाईंनी चष्मा काढला. सासूबाईंकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "शुक्रिया, माताजी।" मग माझ्याकडे वळल्या, आणि आवाज पुन्हा परीक्षकाचा झाला. "मला आदर आहे. पण एका मराठी बाईच्या अनुभवानं स्पेनमधल्या राजकन्येचं मन सिद्ध होत नाही. होतं का?"

"नाही होत," मी म्हणाले. आणि माझी भीती गेली. कुठे गेली माहीत नाही, पण गेली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. "माझ्या सासूबाई हा पुरावा नाही. पण हे प्रकरण मला कसं वाचायचं ते त्यांनी शिकवलं, आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं. पुरावा राणीचाच आहे. जिनं शत्रूचा अंगरखा नवऱ्याला पाठवून आपला विजय कळवला, तिला कपड्यांची भाषा येत होती. जी भर न्यायालयातून उठून गेली आणि पुकारा होऊनही वळली नाही, जिनं 'राणी'ऐवजी दुसरा किताब लिहिलेला कागद समोर आल्यावर ते शब्द स्वतःच्या लेखणीनं खोडले, तिची प्रत्येक कृती आपण हक्काचा दावा म्हणून वाचतो. मग एकटे सदरेच शरणागती म्हणून का वाचायचे? ते बायकी काम आहे म्हणून? तुम्ही मला कागद मागता. जे तिला लाचार म्हणतात त्यांच्याकडे तरी कुठे कागद आहे? त्यांना कोणी मागतच नाही."

आवाज चढला होता. निऱ्या बसवताना मिळालेली सूचना मी विसरले होते. सर समोशाकडून माझ्याकडे बघायला लागले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी प्रबंध मिटला. मग त्यांनी पेन बंद केलं. "मला आणखी काही विचारायचं नाही."

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. व्हरांड्यात नवरा खांबाशी उभा राहून बाहेरच्या आंब्याकडे बघत होता, पण त्या दिवशी त्याला मोहोर दिसत नसावा. दहा मिनिटांनी आत बोलावलं. बाई उभ्या होत्या. पदवीची शिफारस, प्रबंधात एका ओळीचाही बदल नाही, आणि चौथं प्रकरण आधी छापायला द्या, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अहवालात मी चुकले. ते मी लिहून देईन." सरांनी उठून दोन्ही हात जोडले. "डॉक्टर साहिबा, मुबारक हो।" मी वाकून त्यांच्या पाया पडले आणि मग मला आवरेना, सगळ्यांच्या देखत हुंदके देऊन रडले. आनंदानं रडणं मला तोवर बनावट वाटायचं. बाईंनी बशी उचलली आणि उरलेले पोहे उभ्याउभ्याच संपवले.

आम्ही निघालो तेव्हा जिन्याच्या तोंडाशी नवरा थांबला. त्याच्या हातात पोह्यांचा रिकामा डबा होता.

"आई," तो म्हणाला, "मला तर तू सांगायचीस, बाबांची बदली झालीय."

त्यानं हे लहान मुलासारखं म्हटलं. मी मधे पडणार होते, पण सासूबाईंनी मला हातानंच थांबवलं. त्यांचा चेहरा शांत होता. लेकाच्या हातातून त्यांनी डबा काढून घेतला.

"खोटं नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "बदली त्यांचीच झाली होती. मी माझ्या जागेवर होते."

आणि कठड्याला हात न लावता त्या जिना उतरू लागल्या.